दोन-तीन पालट

चिचटोल्याच्या तलावात पहिली मेलेली मासोळी २८ डिसेंबरला सकाळी दिसली. रोहू होती, पावणेदोन किलोची. पुढच्या तीन आठवड्यांत पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, कडेने गोळा केलेल्या मासोळ्या चारशेच्या वर गेल्या. मग लोकांनी मोजणं सोडलं. सगळ्यांचे कल्ले फिकट पडलेले आणि अंगावर राख कालवल्यासारखा चिकटा.

कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, पण गुन्हेगार दोन ठरले होते. अर्धं गाव म्हणत होतं, रोग इंदुताईंच्या बोडीतून आला. इंदुताई ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, वस्तीतल्या तेवीस बायकांच्या गटाच्या प्रमुख. गटाने पावसाळ्यात बाहेरच्या जिल्ह्यातून मासोळीचं बारीक बीज आणलं, पाळीखालच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, बोटभर होईपर्यंत वाढवलं आणि दिवाळीनंतर मोठ्या तलावात सोडलं. उरलेलं अर्धं गाव म्हणत होतं, रोग धनराजच्या शेततळ्यातून आला. धनराज ग्रामपंचायतीचा सदस्य. बारा एकर धान, आणि चढावरच्या शेततळ्यात बाहेरून आणलेली पंगस जातीची मासोळी. पावसात ते तळं भरून वाहिलं की पाणी सरळ तलावात उतरतं. ढिवर वस्तीतले, सत्तरी ओलांडलेले लटारू भाऊ तेवढे जंगलातून येणाऱ्या नाल्याला दोष देत. पण नाल्याला दोषी ठरवून कोणाचा फायदा होणार नव्हता.

फायदा तलावाचा होता. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो पुढच्या पाच वर्षांसाठी कोणाला द्यायचा हे ठरणार होतं. सहा वर्षं तो इंदुताईंच्या गटाकडे होता. धनराजने गडचिरोलीचा एक ठेकेदार पुढे केला होता. रोग गटाच्या बीजातून आल्याचं दिसलं तर तलाव गटाकडे राहणार नाही, हे दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या. इंदुताईंनाही ते माहीत होतं. घरात त्यांनी ते कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

२२ तारखेला दुपारी रोगाचा तपास करायला मोनाली नावाची मुलगी गावात आली. मूळची चंद्रपूरची, नागपूरच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांवर संशोधन करणारी. अहेरी रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत ती एसटीने आली. तिथून गाव सात किलोमीटर आत. सोबत तीन जड पेट्या होत्या, म्हणून धनराजने त्याची बोलेरो पाठवली. गावात दुसरी चारचाकी नव्हती.

गटाला एवढं पुरलं.

"पाह्यलं?" पाळीवर जाळं सोडवत बसलेली रीता म्हणाली. ती गटातली सगळ्यात तिखट जिभेची. "नवरीवानी त्याच्या गाडीत बसून आली. आता तपास कोनाच्या बाजूनं होते ते सांगाले जोतिषी नाई लागत."

"सामान जड होतं म्हणते," दुसरी कोणीतरी म्हणाली.

"सामान जड राह्यते. मान हलकी राह्यते. जिकडे गाडी वळली तिकडे वळते."

शाळेच्या जुन्या खोलीत, जिथे पूर्वी खिचडीचा तांदूळ ठेवत, तिथे मोनालीने यंत्र मांडलं. खिडकीला काळी ताडपत्री लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुताई, रीता, लटारू भाऊ, धनराज आणि त्याची पुतणी पुनम एवढे लोक आत होते. पुनम गडचिरोलीत विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. पेटीवरचं इंग्रजी नाव तिने मोठ्याने वाचलं आणि अर्थ सांगितला. या पद्धतीच्या नावात भूत होतं.

"भूत पाहाले नागपूरहून डबे आणाव लागते का?" रीता म्हणाली. "पंचायतीत पाच बसून आहे."

"सहा," धनराज म्हणाला. "उपसरपंच मोजायचा राह्यला तुमचा."

मोनाली हसली नाही. नावावर जाऊ नका, ती म्हणाली, आणि मासोळीच्या कल्ल्यावरचा चिकटा काचपट्टीवर घेऊन कामाला लागली. साध्या सूक्ष्मदर्शकातून तिने आधीच पाहिलं होतं. चिकट्यात बारीक गोल जीव होते, चाकासारखे. असली चाकं थोडीफार प्रत्येक तळ्यात असतात. प्रश्न होता तो चाकाच्या आतल्या दातांचा. तिला या तलावात दोन प्रकार असल्याचा संशय होता, आणि ते दातांच्या संख्येवरूनच वेगळे काढता येणार होते. साध्या यंत्रात दात एकमेकांत मिसळून दिसत. रंग देऊन पाहायचं तर नमुना नागपूरला जाणार आणि अहवाल तीन आठवड्यांनी येणार. या यंत्रात जिवंत चाकाचे दात मोजता येत होते, तेही इतक्या मंद उजेडात की त्या जीवाला इजा होत नाही. तो फिरू नये म्हणून थेंबभर घट्ट द्रव टाकायचा, बस.

इंदुताई यंत्राभोवती एक फेरी मारून आल्या. वाकून पाहिलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"कॅमेरा कोनता?"

मोनालीने दाखवला.

"याचं तोंड तं भिंतीकडे आहे. मासोळी तिकडे ठेवली तुनं, अन् हा इकडे पाहून राह्यला."

खोलीत सगळेच कॅमेऱ्याकडे पाहू लागले. तोंड खरोखरच काचपट्टीकडे नव्हतं.

"हो," मोनाली म्हणाली. "तो मासोळीकडे बघतच नाही. ही पद्धतच तशी आहे, ताई."

तिने समजावून सांगितलं. दिव्यातून ठिपक्यांच्या नक्षीचा उजेड निघतो आणि दर क्षणी नक्षी बदलते. उजेडाचे दोन सारखे भाग होतात. एक भाग चिकट्यातून जातो. त्याच्या मागे फक्त उजेड मोजणारं साधन आहे. त्याला चित्र कळत नाही, किती उजेड पोचला एवढा एकच आकडा तो सांगतो. दुसरा भाग कॅमेऱ्यात जातो. त्याला नक्षी दिसते, पण चिकटा कधीच दिसत नाही. एकट्या आकड्यांतून काही उभं राहत नाही, एकट्या नक्ष्यांतूनही नाही. कोणत्या नक्षीला किती आकडा आला, हे हजारो वेळा जुळवलं की चिकट्यात काय आहे त्याचं चित्र तयार होतं.

लटारू भाऊंनी कानावरचा रुमाल मागे सारला. "म्हंजे एक आंधळा, अन् दुसरा तिथं हजरच नोहोता. अन् साक्ष दोघाची."

"तसंच, आजोबा. फक्त दोघांचा क्रम जुळला पाहिजे. एका घराने जरी घसरला तर चित्र येत नाही, नुसते ठिपके येतात."

"अन् दोघं मिळून खोटं बोलले तं?" इंदुताईंनी विचारलं.

"यंत्र खोटं बोलत नाही, ताई."

"यंत्राचं नाई म्हनत मी. तुझं म्हनून राह्यली."

तेवढ्यात लॅपटॉपवर राखाडी ठिपक्यांतून काहीतरी गोळा होऊ लागलं होतं. अकरा मिनिटांनी एक चाक पूर्ण दिसलं. आत दातांचं कडं, करवतीसारखं, प्रत्येक दात सुटा. पुनमने पेनाच्या टोकाने मोजले. अठ्ठावीस. दुसऱ्यांदा मोजले. अठ्ठावीस. शेजारी आणखी एक चाक होतं, लहान. त्याचे बावीस. तो नेहमीचा, मोनाली म्हणाली. मेलेल्या मासोळ्यांवर अठ्ठावीसवाल्याची गर्दी होती.

"आता बोडी, शेततळं आणि नाला, तिन्हीकडचा चिकटा द्या," ती म्हणाली. "अठ्ठावीस दात जिथे, तिथून आला."

धनराज आणि इंदुताई एकमेकांकडे पाहत होते. दोघांनाही एकच शंका आली होती: कोणता चिकटा कुठला हे हिला आधी कळलं, तर ती हवं तिथे अठ्ठावीस मोजेल. इंदुताईंच्या मते ती धनराजची. धनराजच्या मते पोरगी बायकांच्या घोळक्यात बसून दोन वेळा जेवली होती.

तोडगा लटारू भाऊंनी काढला. ढिवर वस्तीत मासोळीचे वाटे करतात तसं करू, ते म्हणाले.

ती रीत अशी. पाळीवर वाटे मांडून होतात. एक जण पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्याला हात लावून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव सांगतो. ज्याला वाटा दिसतो तो नाव ठरवत नाही आणि जो नाव ठरवतो त्याला वाटा दिसत नाही. ज्यांचे वाटे आहेत तेही पाठ फिरवून उभे राहतात. सगळी नावं झाली की पाठमोरा माणूस शेवटी कोणतेही दोन वाटे घेऊन 'पालट' म्हणतो आणि त्या दोन वाट्यांची अदलाबदल होते. मांडणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने आधी संगनमत केलेलं असेल तर ते तिथे मोडतं. याबाबत वस्तीत आजवर भांडण झालेलं नाही. लिहून मात्र कधी कोणी ठेवलेलं नाही.

इथे लिहिणं भाग होतं. बाटल्या चार होत्या: बोडी, शेततळं, नाला आणि पडताळ्यासाठी खुद्द तलाव. त्यांना एक ते चार क्रमांक लटारू भाऊ देणार. बाटल्या भरून मांडायला अंगणवाडीतली मदतनीस प्रेमिला. ती ढिवरच होती, पण गटात नव्हती. दोन्ही बाजूंना तिचा सारखाच संशय होता, म्हणून ती दोन्ही बाजूंना चालली. कोणत्या क्रमांकाची बाटली कुठली, हे वहीत पुनम लिहिणार. ती धनराजच्या घरची, शेतकरी कुटुंबातली. वही शाळेच्या कपाटात बंद राहणार आणि किल्ली पोलिस पाटलाकडे.

२४ तारखेला सकाळी साडेनऊला पाळीवर हे झालं. मोनाली खोलीतून बाहेर आली नाही. लटारू भाऊ, इंदुताई आणि धनराज तिघेही तलावाला पाठ करून उभे राहिले. धनराजला हे पहिल्यांदाच करावं लागत होतं. तो दोनदा मागे वळला आणि दोनदा रीताच्या शिव्या खाल्ल्या. ती दूर वडाखाली बाकीच्या बायकांना घेऊन बसली होती.

प्रेमिलाने एका बाटलीला हात लावला. "हा?"

"चार," लटारू भाऊ म्हणाले.

पुनमने वहीत लिहिलं: चार, नाला. मग तलावाला एक आला. बोडीला तीन. शेततळ्याला दोन. चारही बाटल्यांना चिठ्ठ्या लागल्या. पुनमने वही मिटली आणि ती शाळेकडे निघाली. तिच्या चपला पाळीवरच्या मुरमावर वाजत गेल्या.

लटारू भाऊंना ती गेल्याचं कळलं नसावं. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. नेहमीप्रमाणे क्षणभर थांबून ते म्हणाले, "दोन-तीन पालट."

प्रेमिलाने दोन आणि तीनच्या चिठ्ठ्या काढून एकमेकींच्या जागी लावल्या आणि बाटल्या टोपलीत घालून मोनालीकडे पोचवल्या. अकराच्या गाडीने ती एटापल्लीला बहिणीकडे बारशाला गेली.

निकाल २५ तारखेला, रविवारी सकाळी दहाला शाळेच्या ओट्यावर वाचला गेला. साठेक माणसं होती. मोनालीने आधी आपला कागद वाचला. एक क्रमांकात अठ्ठावीस दातांची चाकं, भरपूर. दोन क्रमांकात अठ्ठावीस दातांची चाकं, भरपूर. तीन आणि चारमध्ये फक्त बावीसवाली, तीही तुरळक. मग पोलिस पाटलांनी किल्ली दिली आणि पुनमने वही उघडली.

"एक, तलाव. दोन," ती थांबली आणि काकाकडे पाहिलं, "शेततळं."

पुढचं कोणी ऐकलं नाही. बायका उठल्या. रीताने टाळी वाजवून हात कमरेवर ठेवला. "काऊन धनराज भाऊ, आता ठेकेदाराले काय पाजता? पंगसचं पानी?"

"माह्या गाडीत आनली पोट्टी, माह्या इन्व्हर्टरवर मशीन चालली, अन् रोग माह्याच तळ्यात?" धनराजचा आवाज चढला. "दिसून राह्यलं सगळं. दोन दिवस कोनाच्या घरी भाकरी खाल्ली हिनं?"

"तुमच्याच पुतनीनं लिवलं भाऊ."

"भिंतीकडे पाहनारा कॅमेरा! भुताचं मशीन!"

"परवा तं लय कौतुक चाललं होतं भुताचं."

मोनाली कागद हातात घेऊन उभी होती. तिला धनराजचा राग समजत होता, पण कागद बदलता येत नव्हता.

बायकांनी इंदुताईंच्या पाठीवर थापा मारल्या. कोणीतरी त्यांना ओट्यावर चढवायला पाहिलं. त्या खालीच उभ्या राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी भात टाकला आणि चुलीसमोर बसून कालची सकाळ पुन्हा मनात आणली. डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. पाठ तलावाकडे होती. होते ते फक्त आवाज, त्याच क्रमाने. चार, एक, तीन, दोन. मग वही मिटल्याचा आवाज. मग चपला, दूर जाणाऱ्या. आणि त्यानंतर: दोन-तीन पालट.

पालट वहीत गेला नव्हता.

हे कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, हेही त्यांना लगेच कळलं. प्रेमिलाने चिठ्ठ्या बदलल्या, पण वही वाचली तेव्हा ती एटापल्लीत होती. पुनमने वही लिहिली, पण पालट ऐकला नाही. लटारू भाऊ पालट बोलले, पण वही बंद झालेली त्यांना दिसली नाही. धनराजने सगळं ऐकलं होतं, अगदी शेजारी उभं राहून, पण त्या दोन शब्दांनी बाटल्या हलतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वडाखालच्या बायकांना तेवढ्या दुरून ऐकू आलं नव्हतं.

म्हणजे दोन क्रमांकाची बाटली शेततळ्याची नव्हती.

तरी त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. प्रेमिला कदाचित पालट विसरली असेल. त्या हापशीवर गेल्या. पुनम तिथे पाणी भरत होती.

"काल वही घेऊन निघाली तव्हा लटारू भाऊ काही बोलले का?"

"नाई ना काकू. मी तं शाळेपाशी पोचली होती. काऊन?"

"असंच."

मग त्यांनी एटापल्लीला फोन लावला. रेंज येत-जात होती. मागे बाळाचं रडणं आणि भांड्यांचा आवाज.

"पालटल्या ना," प्रेमिला म्हणाली. "दोन अन् तीन. एकीची चिठ्ठी काढून दुसरीले लावली, डिंक नोहोता तं भाताचं शीत लावलं. काऊन, गळून पडली का?"

"नाई. गळली नाई."

"मंग निकाल का आला?"

"आला चांगला," इंदुताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सभेला बावीस तास उरले होते. प्रेमिला दोन दिवसांनी परत येणार होती. तोवर पाच वर्षांचा ठराव होऊन सह्या झाल्या असत्या.

साडेचारला त्या बोडीवर गेल्या. उन्हं कलली होती. पाण्यात पुढच्या हंगामासाठी ठेवलेली दीड-दोनशे बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, होती. धान्याच्या सुपातली पेंड टाकली की नेहमी ती उसळून वर येत. आज पाचपन्नास आली. बाकीची काठाच्या गवताला अंग घासत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. हे त्यांनी आठ दिवसांपासून पाहिलं होतं. थंडीने असेल, असं स्वतःला सांगितलं होतं.

त्यांनी ओंजळीने एक बोटुकली पकडली, पाण्याच्या गुंडात, म्हणजे घागरीत, टाकली आणि वाटेत धनराजच्या अंगणासमोर थांबल्या.

"चला शाळेत."

धनराज बाजेवर बसला होता. "काऊन? आखीन बेइज्जती कराची राह्यली का?"

"चला म्हनते ना. लटारू भाऊले आवाज देते."

खोलीत चौघेच होते. इंदुताईंनी आधी काहीच सांगितलं नाही. मोनालीला म्हणाल्या, "याचा चिकटा घे. कुठचा आहे ते इचारू नको." मोनालीने विचारलं नाही. बोटुकलीचा कल्ला हलकेच उचलून चिकटा घेतला, द्रवाचा थेंब टाकला, दिवा लावला. पडद्यावर ठिपके आले. चार मिनिटं नुसते ठिपके होते. धनराज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, निघून जायच्या तयारीत. मग कडा उमटली. मग आत दातांचा एक तुकडा, मग दुसरा. अकराव्या मिनिटाला चाक पूर्ण झालं.

इंदुताईंनी खुर्ची ओढून घेतली आणि स्वतः मोजले. वर्गातल्या मुलीसारखं बोट पडद्यावर ठेवून, ओठ हलवत. अठ्ठावीस.

"हे बोडीचं," त्या म्हणाल्या. "लटारू भाऊ, काल तुमी शेवटी पालट बोलले. पुनम तव्हा गेली होती. वहीत पालट नाई."

म्हाताऱ्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "माह्या तोंडातून निंघतेच ते. पन्नास वर्सं झाले."

"तुमची चूक नाई. लिवाची रीतच आपली नाई."

धनराज दारातून आत आला. पडद्यावरच्या चाकाकडे वाकून पाहिलं, मग इंदुताईंकडे. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. संशय होता.

"हे तुमी मले काऊन दाखवून राह्यल्या?"

"तुमच्यावर आलं होतं म्हनून."

"नाई नाई. खरं सांगा. याच्यात तुमचा का डाव आहे?"

"डाव?" इंदुताई उठल्या. "उद्या तलाव भेटला असता मले. मासोळ्या नाई भेटल्या असत्या. तुमचं तळं बंद केलं असतं गावानं, अन् मी याच बोडीतलं पोरगं परत तलावात सोडलं असतं. अन् ते परत मेलं असतं. मंग कोनाचं नाव घेतलं असतं आमी? नाल्याचं?"

धनराजने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "उद्या सभेत कोन सांगते?"

"मीच सांगते. तुमी सांगितलं तं कोनी मानन का?"

हे खरं होतं.

ग्रामसभा झेंडावंदनानंतर नऊला सुरू झाली. इंदुताईंनी सात-आठ वाक्यांत सांगितलं. पालट कसा राहिला, बोडीचा चिकटा पुन्हा कसा पाहिला, दात किती निघाले. रीता उठून मागच्या रांगेत जाऊन बसली. पुरुषांतून एक जण म्हणाला, हिलाही काल रात्रीत कोणीतरी फिरवली असेल. दुसरा म्हणाला, मशीनवर आता कोणाचाच विश्वास नाही. सरपंचांनी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तलाव दिला तर बीज कधी टाकणार. जुलैत, तो म्हणाला.

"कुठून आनता बीज?" मागच्या रांगेतून रीताने विचारलं.

त्याने आधी उत्तर टाळलं. आमच्या नेहमीच्या ठिकाणाहून, म्हणाला. रीताने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने नाव सांगितलं. ते तेच बीजकेंद्र होतं. इंदुताईंच्या गटानेही बीज तिथूनच आणलं होतं.

त्यानंतर सभा दीड तास चालली. शेवटी ठरलं ते असं: या वर्षी तलाव कोणालाच नाही. बीज टाकायचं नाही, जाळं घालायचं नाही. बोडी उपसून वाळवायची. पुढच्या २६ जानेवारीला पुन्हा विचार. ठराव एकमताने झाला असं इतिवृत्तात लिहिलं आहे. हात वर करताना बऱ्याच बायकांनी खाली पाहिलं होतं.

२८ तारखेला सकाळी गटाने बोडी उपसायला घेतली. तेवीसपैकी चौदा जणी आल्या. मोनाली त्याच दिवशी निघणार होती. तिच्या पेट्या बोलेरोत चढल्या होत्या. गाडी सुटायच्या आधी धनराज प्लास्टिकची बाटली घेऊन तिच्याकडे आला. आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाला, "हे शेततळ्याचं. माहं मीच भरलं, कोनाचा हात नाई लागला. नागपूरले एकदा परत पाह्यजा. साफ निंघालं म्हनता तुमी, पन मले भरोसा नाई."

बोडीत गुडघाभर पाणी उरलं तेव्हा रीता पाळ उतरून आली. दोन दिवस ती इंदुताईंशी बोलली नव्हती. तिने टोपलं घेतलं आणि शेजारी उभी राहून पाणी फेकायला लागली.

"वर्षभर का खाऊ आमी?" ती म्हणाली. "खरं खाऊ?"

इंदुताईंनी टोपलं भरलं, फेकलं. "मजुरीले जाऊ. तेंदूपत्ता लागन मेमध्ये."

"तेंदू पंधरा दिवस."

"मालूम आहे."

आणखी काही टोपली गेली. तळाचा गाळ दिसू लागला होता. त्यात उरलेली बोटुकली तडफडत होती आणि दोन बायका ती पुरण्यासाठी खड्ड्यात टाकत होत्या.

"अन् पुढच्या वर्षी ते पोट्टी नाई आली तं?" रीताने विचारलं.

"तं बीज नाई सोडाचं."

"अन् आली, अन् तिनंच चूक केली तं?"

"मंग दोनदा पाहाले लावाचं."

"दोन्ही वेळा चुकली तं?"

इंदुताईंनी कंबर सरळ केली आणि कपाळावरचा चिखल मनगटाने पुसला.

"तिसऱ्यांदा तू बस मशीनवर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचे दात मोजाची सवय तुलेच आहे."